बचावपटू कधी घ्यावेत हे फक्त पुल्लाला ठाऊक

बचावपटू कधी घ्यावेत, हे या पृथ्वीतलावर एकाच माणसाला नीट कळतं. तो माणूस मी. ही बढाई नव्हे. बढाई मारणाऱ्याच्या मनात कुठेतरी शंका असते. माझ्या मनात नाही. गेली काही वर्षं मी आमच्या लीगमध्ये न चुकता शेवटचा येतो, हा मुद्दा काही लोक मुद्दाम मध्ये आणतात. तो गैरलागू आहे. ज्याचं ज्ञान चोरीला जातं तो शेवटचाच येणार! तिजोरी फुटली म्हणून सावकार अडाणी ठरत नाही.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आम्ही सहा म्हातारे. सप्टेंबरच्या सुरुवातीला, आमच्याकडच्या कामगार दिनाच्या सुट्टीत, ओरेस्टच्या गॅरेजमध्ये जमतो आणि पाळीपाळीने बर्फावरच्या हॉकीतले खरे खेळाडू आपापल्या काल्पनिक संघात ओढतो. एकाने उचललेला दुसऱ्याला मिळत नाही. मग हिवाळाभर ते बिचारे तिकडे घाम गाळतात, दात पाडून घेतात, आणि त्यांनी गोल केला किंवा गोल व्हायला मदत केली, की गुण इकडे आमच्या नावावर! आम्ही शेगडीपाशी बसून दमतो.

यात खरी मेख बचावपटूंची. आघाडीचे खेळाडू गोल करतात, त्यामुळे ते गुणांनी दुथडी भरून वाहतात. बचावपटूंचं काम गोल होऊ न देण्याचं; त्यांच्याकडून गुण मिळायचे ते थेंबाथेंबाने. पण संघात चार बचावपटू घ्यावेच लागतात, आणि भरपूर गुण मिळवणारे बचावपटू म्हणजे अस्वल चरून गेल्यावर झुडपावर उरलेल्या ब्लूबेरी. लवकर घ्यावेत तर चांगला आघाडीवीर हातचा जातो. उशीर करावा तर नुसते ओंडके उरतात. या प्रश्नावर आमच्या कॅनडातल्या थंडर बेमध्ये जुन्या मैत्र्या तुटल्या आहेत.

माझं उत्तर होतं: तिसरी फेरी. पहिल्या दोन फेऱ्यांत आघाडीवीर, तिसरीत एक खणखणीत बचावपटू, चौथीत दुसरा. इतकं सोपं, इतकं सुंदर! पण दर वर्षी तिसरी फेरी जवळ आली की माझ्या जिभेवरचं नाव दुसऱ्याच्याच तोंडून बाहेर पडायचं. कधी ओरेस्ट, कधी रेनातो, कधी माझा सख्खा मेव्हणा टौनो. नाव घेताना तिघेही छताकडे बघायचे. निष्पाप माणूस छताकडे कशाला बघेल? छताला ओरेस्टची जुनी होडी टांगलेली आहे, तिच्यात बघण्यासारखं काही नाही.

आमच्यात शेवटच्याला शिक्षा असते. आमचे सहाही कॅम्प, म्हणजे तळ्याकाठची लाकडी घरं, एकाच खाडीभोवती आहेत. हिवाळ्यात तळं गोठलं की लाकडी जेट्यांचा चुरा होतो, म्हणून त्या ऑक्टोबरात काठावर ओढतात आणि मे महिन्यात बर्फ फुटला की परत पाण्यात बसवतात. शेवटच्याने सगळ्यांच्या बसवायच्या. छातीभर पाण्यात उभं राहून. त्या पाण्यात आदल्या आठवड्यापर्यंत बर्फ तरंगत असतो, हे विसरू नका. माझे रबरी बूट छातीपर्यंत येतात, पण डाव्या गुडघ्यापाशी फाटलेले आहेत. मे महिन्यात माझा डावा पाय माझा नसतो.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी ही कथा सांगत बसलो नसतो. पण गेल्या जूनमध्ये, मध्य-उन्हाळ्याच्या सणाच्या शेकोटीपाशी, टौनो माझ्याजवळ येऊन बसला. हातात कॉफी, चेहऱ्यावर सांत्वनाला आलेल्या माणसाचा भाव.

"दाजी, रागावू नका. सगळ्यांच्या मनातलं बोलतोय."

"सगळ्यांना तोंडं नाहीत का?"

"तुम्ही यंदाही शेवटचे आलात तर..." त्याने शेकोटीत काटकी टाकली. "तुमची जागा माझ्या जावयाला द्यावी म्हणतोय. कॅमेरनला. टोरांटोहून खास येईल तो. फार इच्छा आहे त्याची."

"तो दातांचा डॉक्टर? त्याला हॉकीतलं काय कळतं?"

"दाजी, हॉकीशी त्याच्याइतका जवळचा संबंध कुणाचाच नाही. निम्मे पेशंट तिथलेच."

माझी जागा! ही लीग सुरू झाली माझ्या सौनामध्ये, म्हणजे वाफेने अंग शेकायच्या खोलीत, वाफ माझी, कल्पना माझी. आणि आता मला उठवून तिथे एका दंतवैद्याला बसवणार! त्या क्षणी मला लख्ख कळलं की हा कट आहे. आधी माझी गुपितं चोरायची, मग मला शेवटचा आणायचा, मग जागा जावयाच्या घशात. राजघराण्यांतसुद्धा मेव्हण्यांनी हेच केलेलं आहे.

प्रश्न एवढाच होता, की फितूर कोण?

पहिला संशय अर्थातच घरच्या माणसावर. माझी बायको आयली ही टौनोची थोरली बहीण. दर रविवारी ती त्याला फोन करते. काय बोलते? तब्येत, मुलं, कोबी. इतका वेळ कोबीवर कुणी बोलत नाही!

मी बंदोबस्त सुरू केला. आधी सगळे कागद सौनाच्या शेगडीत जाळले. यापुढे योजना फक्त डोक्यात. पण माझं डोकं आता जुन्या बादलीसारखं झालंय. भरलेलं सकाळपर्यंत टिकत नाही. म्हणून रोज संध्याकाळी सौनामध्ये बसून योजना मोठ्याने घोकायची, म्हणजे पक्की होते. मोठ्याने म्हणजे आपली कुजबुजत. ऐकायला एकटा पुल्ला. पुल्ला म्हणजे आमचा कुत्रा, वेलचीच्या गोड पावाच्या रंगाचा, म्हणून त्याच पावाचं नाव दिलेलं. त्याला आतली धग सोसत नाही. तो उंबऱ्यावर बसतो, म्हणून दार सताड उघडं ठेवावं लागतं. समोर तळं, मागे जंगल. याहून गुप्त जागा मंत्रिमंडळालाही मिळत नाही.

"पुल्ला बाळा, नीट ऐक," मी कुजबुजायचो. "पहिली फेरी ब्रॅनिगन, मिळाला तर. तिसरीत थिबोदो. चौथीत वॉर्नेके. कुणाला बोलायचं नाही!"

पुल्ला शेपूट हलवायचा. वरून आयलीची हाक यायची, "आर्वो! कुणाशी बोलतोयस?"

"कुणाशीच नाही!"

"मग जरा हळू बोल ना!"

"अगं, मी कुजबुजतोय!"

"बरं," आयली म्हणायची. तिच्या त्या "बरं"वर माझा कधीच विश्वास नव्हता.

लेकीने मला दोन वर्षांपूर्वी कानातली यंत्रं आणून दिली होती. ती मी एकदा लावली. आयली कडक राय-पाव चावत होती. मला वाटलं छप्पर कोसळतंय. तेव्हापासून ती माझ्या गळांच्या डब्यात सुखरूप आहेत. मला सगळं ऐकू येतं. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.

तर, फितूर पकडायला मी सापळा लावला. प्रत्येकाला वेगळी थाप! जी थाप फिरून माझ्याकडे येईल, तिच्यावरून चोर कळेल. गुप्तहेर असंच करतात म्हणे.

जेवताना मासा आणि शेपूवाले बटाटे पानात वाढून घेत मी सहज म्हटलं, "आयली, यंदा मी पहिल्याच फेरीत गोलरक्षक घेणार."

"घे. आणि हे बटाटे संपव."

चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. कसलेली बाई आहे.

दुसऱ्या दिवशी रेनातो गुलाबी साखरेचे पर्शियन बन घेऊन आला. हा माणूस रिकाम्या हाताने कधी येत नाही आणि भरल्या पोटाने कधी जात नाही. त्याला मी म्हटलं, "रेनातो, आता माझा बुद्धीवर विश्वास राहिला नाही. यंदा डोळे मिटून नावं घेणार."

"म्हणजे दरवर्षीसारखंच," तो बन चावत म्हणाला.

ओरेस्ट होडीत पेट्रोल भरत होता. त्याच्या कानाशी लागून मी सांगितलं, "बचावपटूंना मी शेवटच्या फेरीपर्यंत हात लावणार नाही, बरं का. तुला म्हणून सांगतो."

ओरेस्ट हसायला लागला. त्याचं हसू पोटातून निघतं आणि होडीपर्यंत पोचतं. होडी हलायला लागली. डोळे पुसत तो म्हणाला, "असं? मग तिसऱ्या फेरीत थिबोदो कोण घेणार, लेका?"

माझ्या हातातली दोरी गळून पडली.

थिबोदो! तिसरी फेरी! हे मी आयलीला सांगितलं नव्हतं, रेनातोला नव्हतं, खुद्द ओरेस्टला नव्हतं. हे फक्त एकाला माहीत होतं. मी वळून पाहिलं. पुल्ला ओरेस्टच्या पायाशी बसून सॉसेज खात होता.

कुत्री बोलत नाहीत, हे मला ठाऊक आहे. मी वेडा नाही. पण संशय हा आगंतुक पाहुण्यासारखा असतो. एकदा घुसला की खोलीतलं सामान आपल्या सोयीने हलवतो. पुल्ला रोज सकाळी काठाकाठाने ओरेस्टकडे जायचा. येताना तोंडाला धुरकट मांसाचा वास. माहितीच्या बदल्यात मांस! साऱ्या हेरखात्यांचा पाया दुसरा काय असतो?

मी पुल्लाला एक दिवस बांधून ठेवला. तो असा विव्हळला, की आयलीने दोरी सोडली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की पुढच्या वेळी मलाच बांधणार.

मग मला आणखी गोष्टी दिसायला लागल्या. आमची खाडी पश्चिमेला उघडते. संध्याकाळी सूर्य बरोबर तिच्या तोंडाशी बुडतो, आणि प्रत्येक जेटीवरच्या खुर्च्या जन्मापासून तिकडे तोंड करून असतात. त्या ऑगस्टमध्ये सगळ्या खुर्च्या फिरल्या होत्या! सूर्यास्ताकडे पाठ, आणि तोंड कुठे? माझ्या सौनाकडे! ओरेस्ट आणि त्याची बायको दार्का शेजारी शेजारी बसलेली, मध्ये कॉफीचा थर्मास. रेनातोने तर उशीसुद्धा आणलेली.

"ओरेस्ट!" मी काठावरून ओरडलो. "सूर्य तिकडे आहे!"

"डोळ्यांना त्रास होतो रे!"

"रेनातो, तू काय बघतोयस?"

"लून पक्षी!"

"लून कुठाय?"

त्याने मोघम हात केला. त्या दिशेला माझं मोरीचं पाणी जातं.

आणि टौनो! टौनो होडी घेऊन माझ्या सौनासमोर इंजिन बंद करून बसायचा.

"मासे धरतोय दाजी!"

"गळ कुठाय?"

त्याने होडीत इकडे तिकडे शोधल्यासारखं केलं. "अरेच्चा! घरी राहिला वाटतं."

त्याच्या मांडीवर मात्र दुर्बीण! माझे ओठ वाचत होते, दुसरं काय! मी सौनाच्या खिडकीला जाड टॉवेल लावला. दार मात्र उघडंच, पुल्लासाठी. पण दाराकडे पाठ करून बसलो, म्हणजे ओठ दिसायला नकोत. पाठ केल्यावर पुल्लाला ऐकू जाईना असं वाटून थोडा आवाज चढवला, एवढंच.

शेवटी निवडीच्या आदल्या आठवड्यात मला अशी युक्ती सुचली, की मी स्वतःलाच टाळी दिली. पुल्ला जर फितूर असेल, तर पुल्लालाच थाप मारायची!

मन घट्ट केलं. त्या निरागस डोळ्यांत बघून खोटं बोलणं सोपं नाही. माणसांशी मी खोटं बोललो आहे, ते वेगळं. बाकावर बसलो, शेगडीवरच्या तापल्या दगडांवर ओंजळभर पाणी मारलं, वाफ उठली, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणालो, "पुल्ला, बेत बदलला. यंदा आघाडीवीर गेले खड्ड्यात. पहिल्या चारही फेऱ्यांत बचावपटू! थिबोदो, वॉर्नेके, हार्ग्रोव्ह, जो मिळेल तो. सगळे बचावपटू मी खाणार, आणि बाकीचे ओंडके घेऊन बसणार!"

पुल्लाने मान दुसरीकडे वळवली. त्याला कळलं असावं.

खरा बेत माझा असा: बातमी फुटली तर सगळे घाबरून आधी बचावपटूंवर तुटून पडतील, आणि जगातले उत्तमोत्तम आघाडीवीर माझ्यासाठी ताटात वाढून ठेवल्यासारखे उरतील. ब्रॅनिगन! मागच्या हंगामात सगळ्यांत जास्त गोल करणारा ब्रॅनिगन माझा होणार! कॅमेरन बसेल टोरांटोत दात उपटत!

निवडीचा दिवस. ओरेस्टचं गॅरेज. बर्फपेटीवर दार्काचं लोणचं आणि रेनातोच्या घरचं भाजलेलं डुकराचं मांस. क्रम ठरवायला लोकरी टोपीत आकडे लिहिलेल्या पक, म्हणजे हॉकीच्या रबरी चकत्या, टाकलेल्या. मी हात घातला. सहावा! सगळ्यांत शेवटी! आमच्याकडे दुसरी फेरी उलटी फिरते, म्हणून शेवटच्याला लागोपाठ दोन नावं घेता येतात, पण आधी पाचजणांचं बघत बसावं लागतं. मला काय! आज उशीर माझ्या पथ्यावरच पडणार होता.

ओरेस्टने घसा साफ केला. छताकडे पाहिलं. "थिबोदो."

बचावपटू! मी टेबलाखाली मूठ आवळली.

रेनातोने माझ्याकडे चोरून बघितलं. "वॉर्नेके."

पुढचा, वखारवाला युसी, जो एरवी बचावपटूंना आठव्या फेरीआधी नावानेही ओळखत नाही, तो म्हणाला, "हार्ग्रोव्ह." त्याच्या शेजारच्या मॅक्सिमने आणखी एक बचावपटू उचलला. टौनोने पाचवा.

पाचही गेले! जाळं पुरतं लागलं होतं! माझी पाळी. समोर ब्रॅनिगन मोकळा, त्याच्या शेजारी दुसरा तितकाच तालेवार आघाडीवीर मोकळा, दोन्ही नावं मला घ्यायची. बर्फपेटी घरघरत होती.

मी तोंड उघडलं. आणि तेवढ्यात एक विचार आला.

पाच शहाणी माणसं ब्रॅनिगनला सोडतील?

माझी थाप ऐकून सोडतील, बरोबर. पण ऐकली कुणाकडून? कुत्र्याकडून? अरे, मी काय मूर्ख आहे? कुत्री बोलत नाहीत! म्हणजे यांनी माझी थाप ऐकलेलीच नाही! मग पाचही जण बचावपटू का घेतायत? कारण त्यांना काहीतरी माहीत आहे, जे मला माहीत नाही! ब्रॅनिगनचा गुडघा गेला असणार! नाहीतर आघाडीवीरांच्या गुणांचे नियम बदलले असणार! आणि मला ते कळू दिलं नाही, कारण मला शेवटचा आणायचाय, कारण कॅमेरन!

"दाजी, घ्या ना," टौनो म्हणाला. फारच गोड आवाजात.

तो गोडवाच नडला.

"पुजोल्स्की," मी म्हणालो. उरलेल्यांतला बरा बचावपटू. "आणि... आणि ग्रॅन्थम." तोही बचावपटू. खरं सांगायचं तर उरलेल्यांतला वाईट.

युसीच्या हातातलं लोणचं तोंडाशी थबकलं.

टौनो पुटपुटला, "ब्रॅनिगन...? मोकळा आहे ना? ब्रॅनिगन!"

"अरे आर्वो!" ओरेस्ट उठून उभाच राहिला. "ब्रॅनिगन सोडलास? तू खरंच चारही बचावपटू घेणार होतास? आम्हाला वाटलं, थोडं वाढवून बोलतोयस!"

"कुणाशी बोलतोय?" मी टेबलावर हात आपटला. "हे मी कुणाला बोललो? नाव सांग! कोण फितूर आहे, आज कळलंच पाहिजे!"

मग रेनातो हळूच म्हणाला, "तू पुल्लाला बोललास ना, आर्वो."

मी खाली बघितलं. पुल्ला बर्फपेटीशी झोपला होता.

"म्हणजे याने..."

"अरे बाबा," ओरेस्टने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पाण्यावरून आवाज जातो."

हे मला माहीत नव्हतं असं नाही! तळ्याकाठच्या कुठल्याही लहान मुलाला माहीत असतं. माझे वडील शेजाऱ्यांना शिव्या द्यायच्या असल्या की जंगलात जाऊन देत. पण मी कुजबुजत होतो!

"कुजबुजत?" लोणच्याची दुसरी बरणी घेऊन आलेली दार्का दारातच थांबली. "आर्वोभाऊ, तुम्ही कुजबुजायला लागलात की आमच्या किनाऱ्यावरचे बगळे उडतात. आम्ही त्याला रेडिओ म्हणतो. जेवण लवकर उरकतो आम्ही. मागच्या मंगळवारी तुम्ही सर्दी झाली म्हणून बोलला नाहीत, तर रेनातोने बॅटऱ्या संपल्या का म्हणून विचारलं."

घरी आल्यावर मी आयलीसमोर उभा राहिलो. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते की रोज. हळू बोल, हळू बोल म्हणून. तुला ऐकूच आलं नाही."

पुढचा हिवाळा कसा गेला ते विचारू नका. ब्रॅनिगनने टौनोसाठी असे गोल केले, जसे काही टौनो त्याचाच मेव्हणा आहे. माझ्या ग्रॅन्थमने डिसेंबरात एक गोल केला; स्वतःच्याच जाळ्यात. मी शेवटचा आलो.

मे महिन्यात तळं मोकळं झालं. मी फाटक्या बुटांत छातीभर पाण्यात शिरलो आणि एकेक जेटी बसवत गेलो. टौनोची सगळ्यांत शेवटी ठेवली होती, मुद्दाम. काठावर माझ्या जागेचा नवा मालक कॅमेरन उभा होता. कोवळा, स्वच्छ, दातांची बत्तिशी जाहिरातीतली. त्याच्याभोवती माझे पाचही मित्र आणि दार्का. मी मनाची तयारी केली. डाव्या पायाने तर निरोपही घेतला होता.

कॅमेरन काहीतरी म्हणाला.

"काय?" ओरेस्ट म्हणाला.

कॅमेरन पुन्हा काहीतरी म्हणाला. मऊ, पेशंटच्या कानाशी बोलायची सवय असलेला आवाज.

"काय म्हणतोय हा?" रेनातोने दार्काला विचारलं.

"मला तरी कुठे ऐकू येतंय? इथून दोन हातांवर उभा आहे!"

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळे बाजूला गेले आणि बराच वेळ डोकी जोडून उभे राहिले. मी पाण्यात जेटीचा खांब धरून, दात वाजवत. शेवटी टौनो काठावर आला. घसा खाकरला, छताकडे बघायची सवय, म्हणून आकाशाकडे पाहिलं.

"दाजी, मतदान झालं. तुमची जागा तुमचीच."

"का?"

"माझा जावई गुणी आहे हो," टौनो कळवळून म्हणाला. "पण त्याचं पलीकडच्या काठावर काहीच पोचणार नाही! संध्याकाळी लोकांनी करायचं काय?"

मी पाण्यातच उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं ते तळ्याचं असावं.

त्या संध्याकाळी आयलीने गळांचा डबा उघडला आणि यंत्रं काढली. एकाला रबरी अळी चिकटलेली होती, ती सोडवली, पुसली आणि काही न बोलता माझ्या कानांत बसवली. मी पुल्लाला घेऊन जेटीच्या टोकाला जाऊन बसलो.

आणि अहो, काय सांगू! सगळी खाडी बोलत होती! ओरेस्ट दार्काला म्हणत होता, यंदा गोलरक्षक पहिल्या फेरीत. मॅक्सिम बायकोला आघाडीवीरांची नावं पाठ करून दाखवत होता. युसी एकटाच कुणाला तरी शिव्या देत होता. आणि खाडीच्या टोकाहून, अगदी शेजारी बसल्यासारखा, टौनो: "अगं, या वर्षी पहिल्या दोन्ही फेऱ्यांत मी बचावपटूच उचलणार!"

म्हणजे मला कुणी लुटलंच नव्हतं! इतकी वर्षं या तळ्यावर प्रत्येकजण प्रत्येकाचं ऐकत होता. कानांची यंत्रं गळ-अळ्यांत ठेवून खेळणारा मी एकटा!

आनंदाने मला हसू आवरेना. मी पुल्लाच्या कानाशी वाकलो आणि अगदी हळू, इतकं हळू की मलाच जेमतेम ऐकू यावं, कुजबुजलो, "पुल्ला, ऐकलंस? टौनोच्या आधी आपणच बचावपटू उचलायचे!"

पलीकडे पाच खुर्च्या करकरल्या. मग पाण्यावरून ओरेस्टचा आवाज आला, मायेने भरलेला.

"आर्वो, यंत्रं लावलीस वाटतं! छान केलंस हो! पण आवाज तेवढाच आहे!"

पुल्लाने मान दुसरीकडे वळवली.